मासळी शांत झाली

रतिलालनानांनी स्टुलावर चढून दाराची बेल काढली, तिच्या तारांना चिकटपट्टी गुंडाळली आणि खाली उतरून बायकोला, म्हणजे कुंदाबाईंना, खुणेनं सांगितलं, की आता मिक्सर, कुकर, टीव्ही आणि तू, चौघंही बंद.

"मी काय केलं?" कुंदाबाईंनी विचारलं.

नानांनी ओठांवर बोट ठेवलं.

अमळनेरच्या त्या गल्लीत याहून नवलाची गोष्ट घडणं कठीण होतं. नाना तेलगिरणीत फोरमन होते. यंत्रांच्या धडधडीवरून ओरडून बोलण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि गिरणी सुटली तरी आवाज काही सुटला नाही. ते ओट्यावर बसून दूधवाल्याशी बोलू लागले, की पलीकडच्या गल्लीतल्या बायकांना दूध कितीनं वाढलं ते कळे. असा माणूस सकाळपासून कुजबुजत होता, आणि तेही करंगळीच्या अर्ध्याएवढ्या एका मासळीसाठी.

मासळी सुनेची होती. भाविका कॉलेजात प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होती. माशाला थोडा वेळ ताण आला तर त्याच्या शरीरातली ऊर्जेची उलाढाल किती वाढते आणि पुन्हा जागेवर कशी येते, हा तिचा विषय. प्रयोगशाळेतले झेब्राफिश, म्हणजे अंगावर निळे पट्टे असलेले चिमुकले मासे, तिनं त्यासाठी वाढवले होते. काचेच्या बंद नळीत एक मासळी, नळी पाण्याच्या टबात बुडवलेली, नळीतला ऑक्सिजन मोजणारी एक तार, आणि ती तार लॅपटॉपला जोडलेली. मासळीनं ऑक्सिजन भराभर ओढला, की पडद्यावरची रेघ वर चढायची. ती निवांत असली, की रेघ आडवी. आधी निवांत मासळीची रेघ घ्यायची, मग तिला क्षणभर घाबरवायचं आणि पुन्हा रेघ बघायची.

पण कॉलेजात निवांत मासळीच मिळेना. तपासणी समिती येणार म्हणून प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात नव्या फरशा बसत होत्या आणि दिवसभर ड्रिल चालू होतं. भाविकानं घाबरवायच्या आधीच मासळ्या घाबरून बसत. रेघ सकाळपासूनच आभाळात. इकडे तिच्या पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत महिनाअखेरीला संपत होती. ही वाढवून मिळालेली मुदत होती, आणि ती परत वाढणार नव्हती. शेवटी तिचे मार्गदर्शक हितेंद्र सर म्हणाले, "भाविका, सगळं घरी घेऊन जा. टब रिक्षात मांडीवर धर."

तिचा नवरा पियुष शाळेत शिक्षक होता. तो प्रशिक्षणासाठी जळगावला गेला होता, त्यामुळे घरातली मधली खोली मोकळी होती. तिथं टेबलावर जाड फोम टाकून टब मांडला गेला. खिडकीला चादर लागली. नाना दारात उभे राहून सगळं निरखत होते. तेलगिरणीत आयुष्य गेलं तरी यंत्र दिसलं, की ते कसं चालतं हे समजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"म्हणजे ही घाबरली, की जास्त श्वास घेते?"

"हो नाना. आणि नुसता श्वास नाही. ताण आला, की शरीर साठवलेली साखर रक्तात सोडतं. पळायला ताकद पाहिजे ना. माशाचं तसंच, आणि थोड्याफार फरकानं आपलंही तसंच."

"आपलंही?" नानांचे डोळे चमकले. त्यांना मधुमेह होता आणि साखर मोजायचं यंत्र उशाशीच असे. ते लगेच जाऊन घेऊन आले. बोटाला टोचलं, आकडा पाहिला, आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, "कुंदा, तू भरतासाठी ठेवलेली वांगी मी समोरच्या वच्छलाबाईंना देऊन टाकली."

पुढचा काही वेळ कुंदाबाई बोलत होत्या. बामणोदची वांगी होती, हिरवी, बिनबियांची, भाचीनं मुद्दाम पाठवलेली. त्यांचं बोलणं चालू असतानाच नानांनी दुसऱ्या बोटाला टोचलं.

"वाढली! भाविका, वाढली!"

"माशांचं बघा," कुंदाबाई म्हणाल्या. "तुमचं काय मधेच? आणि वांगी तर इथंच आहेत!"

भाविकाला हसू आवरेना. मग ती गंभीर होऊन म्हणाली, "नाना, आता एकच करा. टबाला धक्का लागायला नको, वरून सावली पडायला नको. मासळी दचकायला नको."

"कॉलेजात ड्रिलनं दचकत होत्या ना? मग झालं तर," नाना म्हणाले आणि स्टूल आणायला गेले. त्या स्टुलावर चढूनच त्यांनी बेल काढली होती.

बेलनंतर मोबाइल गेला. नानांनी स्वतःचा आणि कुंदाबाईंचा, दोन्ही फोन बंद करून कपाटात ठेवले. चपला फाटकाबाहेर गेल्या. दूधवाल्याला फाटकातच अडवून हातवाऱ्यांनी दूध घेतलं गेलं. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजत राहिली आणि शिजेचना. कुंदाबाईंना या सगळ्याचं फार वाटत नव्हतं. त्यांचं दुःख निराळं होतं.

"त्या बिचारीला खायला काय दिलं?"

"काही नाही, आई. कालपासून उपाशीच ठेवलंय," भाविका म्हणाली. "पोटात अन्न असलं, की ते पचवायलाही ऑक्सिजन लागतो. मग पचनाचा कुठला आणि ताणाचा कुठला, कळत नाही."

"पाहुणी घरात आणायची आणि उपाशी ठेवायची? आमच्यात असं नसतं हो."

त्या दोनदा मुठीत भगरीचे दाणे घेऊन मधल्या खोलीच्या पडद्यापर्यंत गेल्या आणि दोनदा नानांनी त्यांना परत फिरवलं. तिसऱ्यांदा त्यांनी दाणे डब्यात टाकले, गव्हाचा डबा कमरेवर घेतला आणि म्हणाल्या, "बोलायचं नाही, रांधायचं नाही, कोणाला खाऊ घालायचं नाही. मी चक्कीवर जाते. तिथं तरी चार शब्द बोलता येतील." आणि त्या मागच्या दारानं निघून गेल्या. नाना पुढच्या खोलीत दारापाशी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले.

इतक्यात वच्छलाबाई विरजण मागायला आल्या. बेल वाजेना म्हणून त्यांनी दार ढकललं. समोर नाना ओठांवर बोट ठेवून उभे. स्वयंपाकघरात अंधार. टीव्ही बंद. त्या घरात पाऊल टाकल्यावर नानांचा आवाज आला नाही, असं त्यांच्या आठवणीत कधी घडलं नव्हतं. आणि मधल्या खोलीच्या पडद्याआडून भाविका फोनवर हलक्या आवाजात बोलत होती, "हो सर. कालपासून पोटात काही नाही हिच्या. सकाळी फार घाबरली होती. आता श्वास संथ आहे. ऑक्सिजन हळूहळू कमी होतोय... हो सर, आता अगदी शांत झाली."

वच्छलाबाईंनी विरजणाची वाटी पदराआड केली.

"कसं झालं हो एकाएकी?" त्यांनी श्वास रोखून विचारलं.

"ताण," नाना कुजबुजले. "सगळा ताणाचा खेळ आहे, वच्छलाबाई."

वच्छलाबाईंनी नानांकडे पाहिलं. या माणसाच्या आवाजाच्या माऱ्यात कुंदाबाईंनी संसार कसा केला, हे त्या समोरच्या घरातून रोज ऐकत आल्या होत्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला.

"फार सोसलं हो तिनं."

"सोसलं," नानांनी मान हलवली. "रिक्षात तर पार हबकली होती. पण चिवट आहे."

"दवाखान्यात?"

"दवाखान्यात कशाला? घरीच बरं. तिथं फार आवाज असतो." नानांना कॉलेजातलं ड्रिल आठवलं होतं.

वच्छलाबाई विरजण न घेताच परत गेल्या. घरी जाऊन त्यांनी आधी नानांना फोन लावला, तो बंद. कुंदाबाईंना लावला, तोही बंद. मग त्यांना खात्रीच पटली आणि त्यांनी बाकीच्यांना फोन लावायला सुरुवात केली. सगळ्यात पहिला धुळ्याला, कामिनीला. कामिनी म्हणजे नानांच्या धाकट्या भावाची, गिरधरची, बायको. पियुषच्या लग्नापासून गिरधर या घराची पायरी चढला नव्हता. पण कुंदाबाई घरात आल्या तेव्हा तो शाळेत जाणारा पोर होता आणि त्याचा डबा त्याच भरून देत असत. त्याला न कळवणं वच्छलाबाईंच्या मनाला पटेना.

दुपार कलली तसे लोक जमू लागले. फाटकाबाहेर चपला काढत, हळूच आत येत, सतरंजीवर भिंतीला टेकून बसत. कोणी बोलत नव्हतं. नानांना भरून आलं. एका मासळीच्या अभ्यासासाठी सगळी गल्ली येऊन बसली होती आणि कोणी साधं खाकरतही नव्हतं. या गल्लीत विज्ञानाची एवढी ओढ असेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आपण आजवर या लोकांना ओळखलंच नाही.

एसटीतून निवृत्त झालेले तोताराम आबा वयानं सगळ्यांत मोठे. ते नानांजवळ सरकले.

"नाना, अजून किती वेळ काढेल?"

"संध्याकाळपर्यंत," नाना त्यांच्या कानाशी म्हणाले. "मग बाहेर काढू."

"एवढ्या घाईनं? पियुषला तरी येऊ द्या."

"पियुषचं त्यात काय काम? भाविका काढेल. रोज तीच काढते."

तोताराम आबांनी कानात बोट घालून फिरवलं आणि पुन्हा विचारलं, "आणि पुढचं?"

"पुढं काय? पाण्यात सोडायचं."

"तापीवर नेणार?"

"तापीवर कशाला नेता? इथंच, न्हाणीघरात. मोठा प्लास्टिकचा टब आणलाय."

आबा थोडे मागे सरकले. नानांना वाटलं, यांना विषयाची गोडी लागली. त्यांनी उत्साहानं आणखी माहिती पुरवली.

"आणि हिचं आटोपलं, की दुसरी आहेच. भाविकानं तयार ठेवलीये. हिच्यापेक्षा तरुण आहे, चपळ. हिला काढलं, की लगेच तिला आत घ्यायचं. मधे वेळ घालवून चालत नाही."

पलीकडे बसलेल्या वच्छलाबाईंच्या तोंडावरचा पदर गळून पडला.

"सुनेनं?" त्यांनी शेजारणीला विचारलं. "सुनेनं तयार ठेवली?"

ही बातमी भिंतीच्या कडेकडेनं कुजबुजत सगळ्या खोलीत फिरली. नानांना एवढंच दिसलं, की लोक आपल्याकडे डोळे विस्फारून बघताहेत. त्यांनी नम्रपणे मान खाली घातली.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि "वहिनी!" असा हंबरडा आला. गिरधर धुळ्याहून आला होता. अंगानं नानांच्या दीडपट, लाल चौकड्यांचा शर्ट, झुपकेदार पांढऱ्या मिशा, आणि आवाज त्याच घराण्याचा. पण दुसरा हंबरडा फुटायच्या आत सगळ्या खोलीनं त्याच्याकडे वळून तोंडावर बोट ठेवलं. तो गोंधळून मटकन खाली बसला. तोताराम आबांनी त्याच्या कानाला लागून सगळी हकिकत सांगितली, टबाची आणि दुसरीचीही. गिरधरचा चेहरा शर्टाच्या रंगाचा झाला. तो उठू लागला, तेव्हा दोघांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. घरावर वेळ कशी आली आहे, आता नको, असं ते कुजबुजले.

नानांनी भावाला पाहिलं आणि ते खुर्चीतून अर्धवट उठले. बोलायचं तर नव्हतं. त्यांनी स्वतः आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, पेला भरून गिरधरसमोर ठेवला आणि क्षणभर त्याच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही, अशा विचारात उभे राहिले. गिरधरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुळ्याहून एवढ्या लांब हा प्रयोग बघायला आला आणि त्याला रडू येतंय, याचा नानांना नीट उलगडा होईना. पण त्यांच्याही छातीत धडधडत होतं. ताण, त्यांच्या लक्षात आलं. हाच तो. त्यांनी खिशातून यंत्र काढलं आणि दाराआड कोपऱ्यात वळून बोटाला टोचलं.

गिरधर बघत होता. बायको आत शेवटच्या घटका मोजतेय आणि हा इथं साखर मोजतोय.

नाना दाराआड आकड्याची वाट बघत वाकलेले होते, त्याच वेळी कुंदाबाई चक्कीवर दुपारभर मनसोक्त बोलून परतल्या. या वेळी त्या पुढच्या दारानं आल्या. फाटकाबाहेर चपलांचा ढीग. आत सगळी गल्ली भिंतीला टेकून गप्प. मधोमध गिरधरभाऊ, जे एरवी येत नाहीत, ते रडताहेत. आणि नाना कुठंच नाहीत.

"अहो!" कुंदाबाई किंचाळल्या आणि कमरेवरचा पिठाचा डबा सुटला.

डबा फरशीवर असा आदळला, की खिडकीची तावदानं वाजली. पिठाचा लोट उठला. आत भाविका ओरडली, "कोणी पाडलं? रेघ चढली ना सगळी!" आणि पिठाच्या ढगातून पांढऱ्याफटक कुंदाबाई पुढं आल्या तशा वच्छलाबाई "अगं माय!" म्हणून तोताराम आबांच्या मांडीवर पडल्या.

"मला काय झालंय?" वच्छलाबाई सावरून भीतभीत त्यांचा हात चाचपू लागल्या तेव्हा कुंदाबाईंनी विचारलं. "मी चक्कीवर गेले होते. यांना काय झालं? कुठं आहेत हे?"

नाना दाराआडून बाहेर आले, हातात यंत्र. "मला काय होणार?"

सगळ्यांनी कुंदाबाईंकडे पाहिलं, मग नानांकडे, मग मधल्या खोलीच्या पडद्याकडे. गिरधर उभा राहिला. आता त्याला कोणी धरलं नाही.

"मंग आत कोन शे?" तो घरच्या अहिराणीत गरजला.

"मासळी शे!" नानाही गरजले. दिवसभर कोंडलेला आवाज होता तो.

"आनि दुसरी?"

"ती भी मासळीच शे!"

"मंग मले कसाले बलावं?"

"तुले कोनी बलावं? तूच उना!"

"मी वहिनीकरता उना! तुनाकरता नही!" गिरधरनं छातीवर हात आपटला. "पियुषना लगीनमा तू मनी वाट देखी नही. पारोळानी वाटवर मनी गाडी बंद पडनी, आनि तू वरात काढी लिधी!"

"मुहूर्त कोनाकरता थांबत नही!"

"मुहूर्त थांबत नही, पन भाऊ ते थांबस ना!"

वरात भावासाठी थांबवली नव्हती, हे खरंच होतं. नानांनी हातातलं यंत्र खिशात घातलं, पुन्हा बाहेर काढलं. मग एकदम त्यांना मासळी आठवली आणि त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. सगळी खोली पुन्हा पडद्याकडे वळली. आता सुनेचा प्रयोग बुडाला, तिची मुदत बुडाली, हे त्यांना लख्ख दिसलं.

पडदा सरकला. भाविका लॅपटॉप त्याच्या लांब तारेसकट हातात घेऊन दारात उभी होती आणि त्यावरच्या रेघेकडे बघत होती.

"आडवी आहे," ती म्हणाली.

"काय?"

"रेघ. डबा पडला तेव्हा चढली होती. मग हळूहळू खाली आली. तुमचं भांडण चालू असतानाच आली. आता अगदी आडवी आहे."

"एवढ्या आवाजात?" नानांनी विचारलं.

"हवेतला आवाज पाण्यावर आपटून बहुतेक मागंच फिरतो, नाना. आत फार थोडा जातो. जमिनीला धक्का बसला, की तो मात्र टेबलातून थेट पाण्यात. कॉलेजात ड्रिलचा धक्का पोचत होता. बोलण्याचं तिला काही नाही."

नाना खुर्चीत बसले. "मग सकाळपासून आम्ही गप्प कशाला होतो?"

"मी धक्का आणि सावली म्हणाले होते."

"पण आम्ही गप्प बसलोय, हे तुला दिसत होतं ना? मग सांगितलं का नाहीस?"

भाविकानं लॅपटॉप छातीशी धरला. तिचे कान लाल झाले.

"सांगणार होते, नाना. पण लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच या घरात मला एक पान सलग वाचता आलं. म्हटलं, थोडं अजून होऊ दे."

मग कुंदाबाईंच्या खांद्यावरचं पीठ हलू लागलं. त्या हसत होत्या. आधी आवाज न करता, आणि मग आवाजाला बंदी नाही हे लक्षात आल्यावर मोकळ्या गळ्यानं. वच्छलाबाई हसल्या, तोताराम आबा हसले, आणि ज्यांना अजून नीट समजलं नव्हतं तेही हसले. चहा झाला. आपल्या जाण्यानं कोण किती रडलं असतं, याची चौकशी कुंदाबाईंनी प्रत्येकीकडे केली आणि त्यांना समाधान वाटलं. वच्छलाबाई शेवटी विरजण घेऊन गेल्या.

लोक पांगले तरी गिरधर उठला नव्हता. नाना त्याच्याजवळ सतरंजीवर येऊन बसले.

"मी थांबाले जोयजे व्हतं," ते म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज हळू होता, आणि कोणी सांगितलं म्हणून नव्हे.

गिरधरनं मिशीवरून हात फिरवला. मग तो म्हणाला, "ज्या मासळीसाठी मी एवढा रडलो, ती दाखवा तरी."

भाविका त्याला मधल्या खोलीत घेऊन गेली. पाय न आपटता चालायला सांगितलं. तो मांजरासारखा टेबलापर्यंत गेला, आणि मासळी एवढीशी असेल याची कल्पना नसल्यामुळे ती शोधायला टबावर पार ओणवा झाला. लाल चौकडे, पांढऱ्या मिशा आणि दोन मोठे कुतूहलाचे डोळे नळीवर उतरले.

"काका, मागं व्हा, सावली...!" भाविका ओरडली आणि तिथंच थांबली.

रेघ सरळ वर गेली होती. सुरेख, स्वच्छ, एका झटक्यात.

"काका," ती हळूच म्हणाली, "आता मागं व्हा. हां. बास." रेघ काही वेळ वर राहिली आणि मग सावकाश, नीटस वळण घेत उतरू लागली. भाविका तिच्याकडे बघत राहिली. मासळ्यांना क्षणभर घाबरवायचं ही तिच्या प्रयोगातली सगळ्यांत अवघड पायरी होती. जाळीनं बाहेर काढलं, तर एखादी निसटायची, एखादी दुखावायची. पुठ्ठ्याची सावली पाडून पाहिली होती, पुठ्ठ्याला मासळ्यांनी भीक घातली नव्हती.

तिनं सरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. हितेंद्र सरांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"मासळीला हात लावावा लागत नाही?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही, सर."

"मग फार उत्तम. पण एक लक्षात ठेव. प्रत्येक मासळीला तोच ताण मिळाला पाहिजे. तोच माणूस, तेवढंच वाकणं, तेवढाच वेळ. शर्टसुद्धा तोच. आजची धरायची नाही, उद्यापासून नव्यानं सुरू कर. अजून किती मासळ्या आहेत?"

"बऱ्याच आहेत, सर. दिवसाला दोन-तीनच जमतात."

"मग काकांना थांबवून घे. ते गेले, तर सगळं पहिल्यापासून."

गिरधर म्हणाला, दुकान आहे. गिरधर म्हणाला, कपडे आणले नाहीत.

"कपडे लागणारच नाहीत," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "हाच शर्ट पाहिजे म्हणताहेत. आणि ताण द्यायला तुझ्यासारखा माणूस अख्ख्या खान्देशात मिळणार नाही."

"शर्ट रोज रात्री धुऊन वाळत घालीन," कुंदाबाई म्हणाल्या. "आणि आज भरीत करते. त्या बिचारीलाही आता काहीतरी खायला घालू द्या."

गिरधरनं घरच्यांकडे पाहिलं, टबाकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढून कामिनीला लावला. तिकडे ती दुपारपासून बातमीची वाट बघत बसली होती. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

"वहिनी कशी शे?" तिचा रडवेला आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला.

"वहिनी मस्त शे. चक्कीवर पीठ दयीसन उनी," गिरधर म्हणाला. "मी मातर आते लगेच येत नही. आठे भाऊकडे काम शे."

"काम? कसानं काम?"

गिरधरनं सवयीनं आवाज खाली आणला. मग आता त्याची गरज नाही हे आठवून त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि समोरच्या घरात वच्छलाबाईंच्या हातातलं विरजण हिंदकळेल अशा आवाजात सांगितलं,

"मासासले भेव दखाडानं काम शे!"